साखर असूनही उपाशी पेशी : कंपवाताच्या मुळाशी

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली एक छोटीशी पुस्तिका लिहिली. तिच्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते, आणि त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्याने जाता-येता पाहिलेले होते. हात कापणे, पुढे झुकून लहान लहान पावले टाकणे, हालचाली मंदावणे, ही लक्षणे त्यांनी इतकी नेमकी टिपली की पुढे फ्रान्समधील शार्को यांनी या विकाराला त्यांचेच नाव दिले. आपल्याकडे आयुर्वेदाने त्याला कंपवात म्हटले आहे. हे नाव रूढ आहे, पण काहीसे फसवे आहे. हात न कापणारेही अनेक रुग्ण असतात. हालचालींचा मंदपणा आणि स्नायूंचा ताठरपणा हीच या विकाराची खरी खूण होय.

या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही हेतुतः निवडला. शाळेतून शिकून गेलेल्या अनेकांचे आईवडील आज साठीच्या पुढे आहेत. त्यांतील कितीतरी जणांचे आयुष्य शेतीत, आणि त्यानंतर भोसरी, चाकण येथील कारखान्यांत गेले. पार्किन्सन हा मुख्यतः याच वयाचा विकार आहे. शिवाय तो पायांवर मांजरासारखा येतो. प्रथम वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, झोपेत माणूस हातपाय झाडतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना एकच हात हलेनासा होतो. घरचे म्हणतात, वय झाले. कामावर सोबतचे म्हणतात, हा हल्ली अंग चोरतो. निदान होईपर्यंत मेंदूतील फार मोठा ठेवा खर्ची पडलेला असतो.

तो ठेवा म्हणजे मेंदूच्या तळाशी, मध्यमस्तिष्कात असलेला काळसर पेशींचा एक पट्टा. त्याला सब्स्टँशिया नायग्रा, म्हणजे ‘काळा पदार्थ’, असे नाव आहे. येथील चेतापेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात, आणि हालचाल सुरू करणे, ती सहज ठेवणे, हे काम त्या रसायनावर अवलंबून असते. लक्षणे ठळक दिसू लागतात तेव्हा यांपैकी निम्म्याच्या आसपास पेशी नष्ट झालेल्या असतात. मेंदूत अब्जावधी पेशी असताना नेमक्या याच का मरतात, हा गेल्या शंभर वर्षांतील मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर पूर्ण मिळालेले नाही. मात्र त्याचा एक महत्त्वाचा धागा साखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, हिशेबात सापडतो. आम्हांला येथे तोच उलगडून दाखवायचा आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिच्या सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. हा साठा तो जवळ बाळगत नाही. रक्तातून सतत घेत राहतो. म्हणून रक्तातील साखर एकदम उतरली की माणसाला घेरी येते.

दहावीचे विज्ञान आठवावे. पेशीद्रव्यात ग्लुकोजचे विघटन होते आणि त्यातून एटीपीचे अवघे दोन रेणू पदरी पडतात. उरलेले काम तंतुकणिकांत होते, आणि खरी कमाई तेथे आहे. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी असे छापलेले असे. आता हा आकडा ३० ते ३२ मानतात. मुख्य मुद्दा बदलत नाही : तंतुकणिका बिघडली की तीच साखर, तोच श्वास, पण हाती येणारी ऊर्जा तुटपुंजी.

काळ्या पट्ट्यातील पेशींना ही ऊर्जा इतरांपेक्षा कितीतरी अधिक लागते. त्यांपैकी एका पेशीचा तंतू झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरत जातो आणि माणसात तो दहा लाखांहून अधिक जागी इतर पेशींशी जोडला जात असावा, असा अंदाज आहे. शिवाय या पेशी कोणी न सांगताही एका लयीत स्वतःच स्पंदत राहतात. प्रत्येक स्पंदनागणिक आत शिरणारे कॅल्शियम पुन्हा बाहेर काढावे लागते आणि त्यालाही एटीपी मोजावे लागते. ज्या घराचा खर्च मिळकतीच्या काठोकाठ आहे, तेथे पगारात थोडी कपात झाली तरी चूल विझते. या पेशींचे घर तसे आहे.

ऊर्जेच्या या तुटवड्याचा पहिला धडधडीत पुरावा एका अपघातातून मिळाला. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे अचानक पुतळ्यासारखी ताठ झाली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचे अशुद्ध द्रव्य होते. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनी त्याचा शोध घेतला आणि १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. हे द्रव्य मेंदूत रूपांतरित होऊन नेमक्या डोपामिनच्या पेशींत शिरते आणि तंतुकणिकांमधील इलेक्ट्रॉन वहन साखळीची पहिली कडी बंद पाडते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच दशकाच्या अखेरीस असे दिसले की ज्यांनी कधीही असले काही घेतले नव्हते अशा सामान्य पार्किन्सन रुग्णांच्या काळ्या पट्ट्यातही हीच कडी दुबळी असते.

येथे जनुकांचा संबंध येतो. जनुक-अभिव्यक्ती हा शब्द जड वाटतो, पण कल्पना सोपी आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात तोच एक ग्रंथ ठेवलेला असतो. यकृताच्या पेशीतही तोच आणि मेंदूच्या पेशीतही तोच. फरक इतकाच की कोणत्या पेशीने त्यातील कोणती पाने उघडली आणि त्यांच्या किती प्रती उतरवून घेतल्या. या प्रती म्हणजे आरएनए. त्यांवरून प्रथिने बनतात. एखाद्या जनुकाच्या किती प्रती निघाल्या हे मोजणे म्हणजेच त्याची अभिव्यक्ती मोजणे. जनुक निर्दोष असूनही त्याच्या प्रती कमी निघाल्या तर काम अडते. ग्रंथ शाबूत आहे, पण पान उघडले जात नाही, अशी ती स्थिती.

आता वहन साखळीची ती पहिली कडी पाहू. तिच्यात चाळीसहून अधिक प्रथिने बसवलेली असतात. त्यांतील सात तंतुकणिकेच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात आणि उरलेली सारी केंद्रकातून मागवावी लागतात. चाकणच्या कारखान्यात काम केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मोटार जुळवणीच्या एका ओळीला शेकडो सुटे भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून येतात. एकाच पुरवठादाराने माल थोडा कमी पाठवला तर ओळ कशीबशी चालते. पण खरेदी खात्यातच गडबड झाली आणि सगळ्याच पुरवठादारांना ऑर्डर थोडी थोडी कमी गेली, तर कोणत्याही एका भागावर बोट ठेवता येत नाही आणि गाड्या मात्र कमी निघतात.

पेशीतील हे खरेदी खाते १९९८ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगेलमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्याचे नाव पीजीसी-१ अल्फा. हे प्रथिन स्वतः ऊर्जा बनवत नाही. तंतुकणिकांना लागणारी अनेक जनुके एकाच वेळी जागी करण्याचे काम ते करते. थंडी पडली, उपास घडला, व्यायाम झाला, म्हणजे ऊर्जेची गरज बदलली, की त्याचे प्रमाण वाढते आणि पेशीत नव्या तंतुकणिका तयार होऊ लागतात.

या खात्यातील मंदी प्रथम सापडली ती मेंदूत नव्हे, तर मधुमेहींच्या मांडीच्या स्नायूत. २००३ साली वंशी मूथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही व निरोगी माणसांच्या स्नायूंतील हजारो जनुकांची अभिव्यक्ती तपासली. एकेक जनुक पाहिले तर ठोस काहीच हाती लागेना. तेव्हा त्यांनी जनुकांचे गट पाडले. शिक्षकांना ही युक्ती लगेच पटेल. एका विद्यार्थ्याचे गणितात चार गुण कमी आले तर तो योगायोग असू शकतो. पण वर्गातील जवळपास प्रत्येकाचे गणितातच चार-चार गुण कमी आले, तर गणिताच्या तासाला काहीतरी बिघडले आहे हे निश्चित. मधुमेहींच्या स्नायूंत पीजीसी-१ अल्फाच्या हाताखालील ऊर्जा-जनुके अशीच एकजुटीने, प्रत्येकी सुमारे २० टक्क्यांनी, मंदावलेली होती.

हीच गटवार पद्धत सात वर्षांनी पार्किन्सनला लावली गेली. हार्वर्डच्या क्लेमेन्स शेर्झर यांच्या चमूने ऑक्टोबर २०१० मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केले, ते आमच्या मते या विषयातील अत्यंत महत्त्वाचे काम आहे. जनुक-अभिव्यक्तीच्या नऊ अभ्यासांची आणि लेसरने वेचलेल्या पेशींची माहिती त्यांनी एकत्र केली. एकूण नमुने ४१० आणि मोजमापे ६८ लाख. पार्किन्सनशी संबंध पूर्वी ठाऊक नव्हता असे जनुकांचे दहा गट त्यातून पुढे आले. इलेक्ट्रॉन वहन, ग्लुकोजचा वापर आणि ग्लुकोजची जाणीव, यांतील बिघाडाकडे हे गट बोट दाखवत होते. पीजीसी-१ अल्फाच्या सांगण्यावरून जागी होणारी ऊर्जा-जनुके रुग्णांत मंद पडलेली होती.

चिकित्सक वाचक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. ऊर्जा खर्चणाऱ्या पेशीच मेल्या असतील तर त्यांची जनुके कमी दिसणारच. मग हे कारण कसे, हा तर परिणाम झाला. संशोधकांनी या आक्षेपाला दोन बाजूंनी उत्तर दिले. एक म्हणजे लेसरने नेमक्या जिवंत उरलेल्या डोपामिन पेशी वेचून घेऊन त्या निरोगी माणसांच्या तशाच पेशींशी ताडून पाहिल्या. पेशींची संख्या घटल्याचा प्रश्नच तेथे उरत नाही. दुसरे म्हणजे ज्यांना हयातीत पार्किन्सनचे कोणतेही लक्षण नव्हते, पण मेंदूत विकाराच्या प्रारंभिक खुणा होत्या, अशांचे नमुनेही त्यांनी तपासले. मंदी तेथेही होती. म्हणजे हात कापू लागण्याच्या कितीतरी आधी चूल मंदावलेली असते. प्रयोगशाळेतील पेशींत पीजीसी-१ अल्फा वाढवले असता बिघडलेल्या सिन्यूक्लिन प्रथिनामुळे किंवा रोटेनॉन या कीटकनाशकामुळे होणारा डोपामिन पेशींचा ऱ्हास थांबला, हेही त्यांनी दाखवले.

पुढच्याच वर्षी याला आणखी एक दुवा मिळाला. तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सनमध्ये पार्किन नावाचे जनुक बिघडलेले असू शकते, हे १९९८ पासून ज्ञात होते. २०११ मध्ये असे दिसले की पार्किन काम करेनासे झाले की ‘पॅरिस’ असे नाव दिलेले एक प्रथिन साचत जाते, आणि ते पीजीसी-१ अल्फाचे पान मिटून ठेवते. आनुवंशिक आणि बिगर-आनुवंशिक अशा दोन्ही वाटा एकाच दाराशी येऊन पोहोचतात, असे यावरून वाटते. २०१४ मध्ये ग्लुकोजच्या आणखी एका मार्गाकडे लक्ष वेधले गेले. सगळी साखर ऊर्जेसाठी जात नाही. काही वाटा पेशीला गंजण्यापासून वाचवणारी रसायने तयार करण्यासाठी वळवला जातो. त्या वळणावरची विकरेही रुग्णांच्या मेंदूत फार लवकर घटलेली आढळली.

जिवंत माणसाच्या मेंदूतील साखरेचा वापर पाहण्याची सोय आहे, ती म्हणजे पेट स्कॅन. ग्लुकोजसारख्याच एका रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत. तो तेथेच अडकतो आणि चमकतो. या फ्लोरिनचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे, म्हणून तो जवळच तयार करावा लागतो. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, सुरू झाले ते याच कामासाठी. पार्किन्सनमध्ये असे चित्र सरसकट फिके दिसत नाही. मेंदूच्या खोल भागांत काही ठिकाणी साखरेचा वापर वाढलेला आणि पृष्ठभागावर, विशेषतः मागच्या बाजूस, घटलेला दिसतो. सामान्य निदानासाठी या तपासणीची सहसा गरज पडत नाही. अनुभवी मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णाला चालायला लावून आणि मनगट हलवून पाहूनच बहुतेक वेळा निदान करतात.

हे सगळे वाचून एखाद्याला वाटेल, मेंदू उपाशी आहे तर आजोबांना दोन चमचे साखर जास्त द्यावी. तसे मुळीच करू नये. येथे धान्याचा तुटवडा नाही, चूल बिघडली आहे. उलट दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांत पार्किन्सनची जोखीम काहीशी वाढलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे, आणि दोन्हीकडे तेच खरेदी खाते मंदावलेले असते हे आपण पाहिलेच. मधुमेह आटोक्यात ठेवण्याचे हे आणखी एक कारण मानावे.

मग मधुमेहाची औषधे पार्किन्सनवर चालतील काय? प्रयत्न झाले. एक्सेनाटाइड या इंजेक्शनाने २०१७ मध्ये ६२ रुग्णांच्या चाचणीत आशा दाखवली. परंतु १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाललेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला तो निराशाजनक होता, काहीही फायदा दिसला नाही. त्याच कुळातील लिक्सिसेनाटाइडने २०२४ मध्ये फ्रान्समध्ये थोडा गुण दाखवला, पण मळमळ व उलट्याही दिल्या. टेराझोसिनची कथा अधिक नवलाची आहे. वयस्कर पुरुषांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी हे जुने, स्वस्त औषध देतात. ते ग्लुकोज-विघटनातील पीजीके-१ या विकराला चालना देते आणि पेशीतील एटीपी वाढवते. हे औषध घेणाऱ्यांत पार्किन्सन कमी होतो असे वैद्यकीय नोंदींच्या २०१९ व २०२१ मधील अभ्यासांतून दिसले. तथापि नोंदींतून दिसलेला संबंध म्हणजे सिद्ध झालेला उपचार नव्हे. या औषधाने रक्तदाब उतरतो, आणि पार्किन्सनच्या रुग्णाचा रक्तदाब उभे राहताना आधीच घसरत असतो. कोणीही ते आपल्या मनाने घेऊ नये. पीजीसी-१ अल्फाबाबतही असाच सावधपणा हवा. उंदरांच्या मेंदूत ते भरमसाट वाढवले तेव्हा त्याच डोपामिन पेशींना अपाय झाला. अति तेथे माती, हे पेशींनाही लागू आहे.

आजचा मुख्य उपचार लेवोडोपा हाच आहे. त्याचा आपल्या मातीशी संबंध आहे : आपल्या रानावनांत वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत लेवोडोपा असते, आणि १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे करून दाखवले होते. बाजारात मिळणाऱ्या चूर्णातील मात्रा मात्र पुडीगणिक बदलते. गोळ्या चालू असताना ते चूर्ण परस्पर घेतल्यास मात्रा दुप्पट होण्याचा धोका असतो.

आता जे आपल्या पट्ट्याला अधिक लागू आहे ते. रोटेनॉन आणि पॅराक्वाट ही रसायने वापरलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळल्याचे अमेरिकेतील शेती-कामगारांच्या २०११ मधील अभ्यासात दिसले. पॅराक्वाट आपल्याकडे तणनाशक म्हणून विकले जाते. धातूच्या भागांवरील तेल-ग्रीस काढण्यासाठी वापरात असलेले ट्रायक्लोरोइथिलीन हेही तंतुकणिकेच्या त्याच पहिल्या कडीवर आघात करते. अमेरिकेत एका लष्करी तळाचे पिण्याचे पाणी या द्रावकाने दूषित झाले होते. तेथे राहिलेल्या सैनिकांत पार्किन्सनची जोखीम ७० टक्क्यांनी अधिक आढळली, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथील पर्यावरण संस्थेने या द्रावकावर बंदीचा निर्णय घेतला. डीग्रीझिंगच्या खात्यात काम करणाऱ्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पिंपावरील नाव वाचावे, सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. ते मागणे हा उद्धटपणा नव्हे. हातमोजे व श्वसन-मुखवटा देणे हे मालकाचे काम आहे, तसेच तो वापरणे हे आपले. शेतात फवारणी करताना नुसता रुमाल तोंडाला बांधून भागत नाही.

औषधाखेरीज ज्याला भक्कम आधार आहे तो उपाय म्हणजे व्यायाम. २०१८ मधील एका चाचणीत १२८ नवे रुग्ण घेतले होते. त्यांपैकी जे आठवड्यातून तीन-चार दिवस चांगला दम लागेल इतक्या वेगाने ट्रेडमिलवर चालले, त्यांची लक्षणे सहा महिन्यांत जवळजवळ वाढली नाहीत. रमतगमत चालणाऱ्यांना हा लाभ दिसला नाही. व्यायामाने स्नायूंतील पीजीसी-१ अल्फा जागे होते हे निश्चित आहे. मेंदूतही तेच घडते काय, हे माणसांत अजून थेट मोजता आलेले नाही. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात तेव्हा बाहेरून मिळणारा ठेका उपयोगी पडतो, हेही अनेकदा दिसून आले आहे. एक-दोन, एक-दोन असे मोजले, टाळी दिली, फरशीवर आडव्या पट्ट्या आखल्या, की अडलेले पाऊल पुढे पडते. आळंदीत टाळाच्या ठेक्यावर पावली खेळणारे हजारो पाय आपण दरवर्षी पाहतो. चालण्यासाठी ठेक्याचा आधार ही गोष्ट आपल्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ ही संस्था आहे. तेथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. रुग्ण हा शब्द तेथे फारसा ऐकू येत नाही. हृषीकेश पवार यांनी याच शहरात पार्किन्सनग्रस्तांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. आळंदीहून पुण्याला जायला बस आहे. पहिल्या खेपेस शुभार्थींना एकटे पाठवू नये, घरातील एकाने सोबत जावे. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या वेळा, त्यांचा अंमल किती वेळ टिकतो आणि तो कधी ओसरतो, हे आठवडाभर एका वहीत लिहून न्यावे. डाळ, मटण, पनीर अशा प्रथिनयुक्त जेवणाबरोबर लेवोडोपाची गोळी घेतल्यास तिचा गुण काहींना कमी जाणवतो. तसे होते काय, हेही त्याच वहीत टिपावे.